बास बोटीच्या मोटरची उंची : पाव-पाव इंचाचा हिशेब

बोटीचा वेग वाढावा म्हणून मी आधी प्रोपेलर बदलून पाहिला, मग बोटीतले अनावश्यक सामान उतरवले, आणि बोटीच्या मागे बाहेरून टांगलेली मोटर किती उंचीवर बसवलेली आहे याकडे सर्वांत शेवटी लक्ष दिले. क्रम नेमका उलटा असायला हवा होता. बास बोट (बास मासे पकडण्यासाठीची वेगवान बोट) वेग घेऊन प्लेनवर आली, म्हणजे उचलली जाऊन पाण्यावरून घसरू लागली, की तळाच्या मागच्या टोकाचा अरुंद सपाट पट्टा, म्हणजे पॅड, एवढाच काय तो पाण्याला टेकलेला राहतो. बाकीचा सांगाडा वर उचललेला असतो आणि पाण्यातून फरफटत जाणारी मुख्य वस्तू म्हणजे मोटरचा गिअरकेस, प्रोपेलर ज्याला बसवलेला असतो तो खालचा भाग. पाण्याचा विरोध साधारणपणे वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढत असल्यामुळे ताशी ३० मैलांच्या तुलनेत ताशी ७० मैलांना तो पाचपटीहून अधिक होतो, आणि म्हणूनच सावकाश चालवताना ज्या अर्ध्या इंचाने काहीही बिघडत नाही, तोच अर्धा इंच पूर्ण वेगात स्पष्ट जाणवतो.

मोजमाप कशापासून घ्यायचे याबद्दल बराच गोंधळ दिसतो. प्रोपेलरच्या वरच्या आडव्या पट्टीला सगळेच कॅव्हिटेशन प्लेट म्हणतात आणि ती तळाशी समपातळीत आहे की नाही एवढेच पाहतात. (खरे तर वरून प्रोपेलरकडे हवा ओढली जाऊ न देणे हे त्या पट्टीचे काम आहे, कॅव्हिटेशन म्हणजे दाब घटल्यामुळे पाण्याचीच वाफ होऊन बुडबुडे तयार होणे, आणि त्याच्याशी या पट्टीचा संबंध नाही.) सुरुवातीचा अंदाज घेण्यासाठी ही पद्धत ठीक आहे, पण बास बोटीसाठी प्रोपेलर शाफ्टचा मध्य पॅडच्या किती खाली आहे, हाच आकडा उपयोगाचा. बोट ट्रेलरवर असताना पॅडला एक सरळ पट्टी घट्ट लावून ती मागे प्रोपेलरपर्यंत येऊ द्यावी, शाफ्ट पॅडला समांतर होईल इतका ट्रिम (मोटरचा कल) ठेवावा आणि मग पट्टीपासून शाफ्टच्या मध्यापर्यंतचे अंतर मोजावे. शाफ्ट समांतर नसेल तर हे माप फसवे निघते. पहिल्या वेळी माझे तसेच झाले होते.

बऱ्याच बास बोटींवर हे अंतर तीन ते साडेतीन इंचांच्या आसपास येऊन स्थिरावते. साडेचौदा इंच व्यासाचा प्रोपेलर धरला तर शाफ्ट साडेतीन इंच खाली असतानाही वर आलेल्या पात्याचे टोक पॅडच्या पातळीपेक्षा पावणेचार इंच वर फिरत असते. तरीही प्रोपेलर पकड सोडत नाही, कारण बोटीच्या तळाखालून सुटलेले पाणी मागे गेल्यावर वर चढते. जॅक प्लेटमुळे (मोटर आणि बोट यांच्यामधला, उंची बदलता येणारा जोड) मोटर ट्रान्समपासून, म्हणजे बोटीच्या मागच्या उभ्या भिंतीपासून, जितकी मागे जाते, तितकी ती या चढत्या पाण्यात वरही बसवता येते. पुष्कळ लोक मागे सरकलेल्या प्रत्येक फुटाला एक इंच उंची, असा ढोबळ हिशेब धरतात.

प्लेटचे बोल्ट सैल करण्यापूर्वी हे लक्षात घ्यावे की अडीचशे अश्वशक्तीच्या मोटरचे वजन सुमारे २३० किलो असते. तिला आधार दिल्याशिवाय काम करू नये, आणि नंतर बोल्ट ठरलेल्या टॉर्कलाच आवळावेत.

मी सव्वाचार इंचांपासून सुरुवात केली आणि दर खेपेला मोटर पाव इंच वर घेत गेलो. इंधन, लाइव्हवेलमधले (मासे जिवंत ठेवण्याच्या टाकीतले) पाणी आणि माणसे प्रत्येक वेळी सारखीच ठेवली, आणि वाऱ्याचा परिणाम निघून जावा म्हणून दोन्ही दिशांना धावून सरासरी काढली. वेग जीपीएसवरच पाहिला, कारण अनेक मोटरींमध्ये स्पीडोमीटरचे छिद्र गिअरकेसच्या पुढच्या कडेलाच असते आणि उंची बदलली की त्या आकड्याचा भरवसा उरत नाही. खरी परीक्षा स्लिपची, म्हणजे सैद्धांतिक वेगापेक्षा प्रत्यक्ष वेग किती टक्के कमी पडतो याची. आरपीएमला गिअर गुणोत्तराने भागावे, पिचने (एका फेऱ्यात प्रोपेलर तत्त्वतः जितके इंच पुढे सरकेल त्या अंतराने) गुणावे आणि १०५६ ने भागावे, म्हणजे ताशी मैलांत सैद्धांतिक वेग मिळतो. ५८०० आरपीएम, १.७५ गुणोत्तर आणि २५ इंच पिच असेल तर तो साडेअठ्ठ्याहत्तर येतो. बोट प्रत्यक्षात ७० ने धावली तर स्लिप जवळपास ११ टक्के, आणि बास बोटीसाठी हे प्रमाण चांगलेच म्हणावे लागेल. मोटर वर घेतल्यावर आरपीएम आणि वेग दोन्ही वाढले, तर विरोध घटला आहे. नुसता आरपीएम वाढला आणि वेग तिथेच राहिला, तर प्रोपेलर पाण्याऐवजी हवा चावू लागला आहे. माझ्या बोटीवर सव्वातीन इंचांपर्यंत पहिला प्रकार घडला आणि तीन इंचांवर दुसरा सुरू झाला.

तिथेच थांबायला हवे होते, पण मोहापायी मी आणखी पाव इंच वर गेलो. पूर्ण वेगात ट्रिम वाढवताच पाण्याच्या दाबाचा काटा झपकन खाली आला, कारण गिअरकेसच्या बाजूची पाणी घेण्याची छिद्रे पृष्ठभागाच्या इतकी जवळ आली होती की पंपाकडे पाण्यासोबत हवाही जाऊ लागली. थ्रॉटल लगेच कमी केल्यामुळे इंजिन वाचले. दाबाचा मीटर नसलेल्या बोटीवर मोटर वर घेण्याचा प्रयोग मी कुणालाही करू देणार नाही. उत्पादकाच्या पुस्तिकेत दिलेली दाबाची किमान मर्यादा ओलांडून मिळालेला वेग हा वेग नव्हेच. दाब मुळातच कमी दिसत असेल, तर उंचीला हात लावण्यापूर्वी पंपाचा इम्पेलर (पाणी ढकलणारे चक्र) तपासावा.

सव्वातीन इंचांवर सरळ धावताना सगळे सुरळीत होते, मात्र जोरात वळण घेतले की प्रोपेलर पकड सोडायचा, इंजिन एकदम किंचाळायचे आणि बोटीचे नाक खाली बसायचे. चार पात्यांचा प्रोपेलर लावला असता तर या उंचीवर पकड बहुधा टिकली असती, पण तीन पात्यांच्या प्रोपेलरवर मिळणारा वरचा वेग मला सोडायचा नव्हता. शेवटी मोटर साडेतीन इंचांवर आणून ठेवली. वेगात ताशी जेमतेम एका मैलाची घट झाली. वळणे सुधारली आणि थांबलेल्या अवस्थेतून बोट प्लेनवर येण्यास लागणारा वेळही कमी झाला. हायड्रॉलिक जॅक प्लेट असती तर निघताना खाली आणि वेग आल्यावर वर, अशी दोन्ही कामे साधली असती. माझी प्लेट हाताने फिरवायची आहे, त्यामुळे एकच उंची निवडणे भाग होते.