माशीचे पाय

प्रबंध जमा करायला चार दिवस उरले की विद्यार्थी संदर्भ विभागात धापा टाकत येतात. ही मुलगी नऊ दिवस आधी आली. तेवढ्यानेच तिच्याबद्दल माझं मत चांगलं झालं.

ती जीवशास्त्राची. वाहत्या पाण्यातले कीटक, त्यातही मेफ्लाय, हा तिचा विषय. मेफ्लायची पिल्लं पाण्याच्या तळाशी दगडांना धरून वाढतात आणि त्यांच्या बऱ्याच जातींना प्रदूषण सोसत नाही. त्यामुळे ओढ्यात कुठल्या जातीची किती पिल्लं मिळाली यावरून पाण्याची प्रकृती कळते. पाच वर्षं ती हे किडे पकडत, ओळखत, मोजत होती. त्या मोजणीबद्दल मार्गदर्शकांनी ब्र काढला नव्हता. घोडं अडलं होतं ते प्रस्तावनेच्या पहिल्या परिच्छेदात. एका वाक्याभोवती लाल शाईचं वर्तुळ आणि समासात एकच शब्द: 'कुठे?'

वाक्य असं होतं: 'माशीला चार पाय असतात असे ॲरिस्टॉटलने लिहून ठेवले आणि पुढची हजार वर्षे कोणीही माशी पकडून पाय मोजले नाहीत.'

"मॅडम, हे तर सगळ्यांनाच माहीत आहे. याला काय संदर्भ द्यायचा?"

सगळ्यांना माहीत असलेल्या गोष्टीचा संदर्भ शोधताना सगळ्यात जास्त घाम निघतो, हे मी तिला लगेच सांगितलं नाही. कुठून घेतलंस, एवढंच विचारलं. संशोधन पद्धतीवरच्या एका पाठ्यपुस्तकातून. ते पुस्तक आमच्याकडे होतं. तिथे तळटीप होती आणि ती एका विज्ञानप्रसारकाच्या पुस्तकाकडे बोट दाखवत होती. तेही निघालं. त्यात पाय होते, तळटीप नव्हती. मग आम्ही आणखी चार ठिकाणी पाहिलं. दोन पुस्तकांत माशीला चार पाय होते, एकात आठ, आणि चौथ्यात 'चुकीच्या संख्येचे'. तासाभरात माशीचे पाय इतक्यांदा कमीजास्त झाले की आम्हा दोघींना हसू आवरेना. आजूबाजूला 'शांतता राखा'च्या पाट्या, आणि त्या मीच लावलेल्या.

मग तिने जरा चाचरत मोबाईल पुढे केला. "मी एका चॅटबॉटलाही विचारलं होतं. त्याने दिलाय संदर्भ." संदर्भ देखणा होता. ग्रंथाचं नाव, भाग, प्रकरण, पृष्ठ, सगळं जागच्या जागी. पण बेकर क्रमांक नव्हता, आणि दिलेल्या भागात दिलेल्या प्रकरणात माशीच नव्हती. अलीकडे आठवड्याला एखादा तरी असा संदर्भ माझ्या टेबलावर येतो: पत्ता अगदी व्यवस्थित, त्या पत्त्यावर घर नाही.

बेकर क्रमांकाबद्दल थोडं सांगायला हवं, कारण पुढचं सगळं त्यावरच उभं आहे. ॲरिस्टॉटलच्या ग्रंथांची इमॅन्युएल बेकरने संपादित केलेली ग्रीक आवृत्ती १८३१ पासून बर्लिनहून निघाली. तिच्या प्रत्येक पानावर मजकुराचे दोन स्तंभ होते. पानाचा आकडा, डावा की उजवा स्तंभ म्हणून ए किंवा बी, आणि ओळ, एवढं सांगितलं की जगातल्या कुठल्याही भाषांतरात नेमकी ती जागा सापडते, कारण भाषांतरकार हे आकडे समासात छापतात. 'ॲरिस्टॉटल म्हणतो' असं लिहून पुढे हा आकडा न देणारा माणूस दिसला की माझी भुवई आपोआप वर जाते. खोड आहे, जाणार नाही.

"आपण मूळ पुस्तकच उघडू या," मी म्हणाले.

तिचा चेहरा पडला. मूळ पुस्तक म्हणजे ग्रीक, असं तिला वाटलं असावं. पण प्राण्यांवरच्या मोठ्या ग्रंथाचं, 'हिस्टोरिया ॲनिमालियम'चं, डार्सी वेंटवर्थ थॉम्पसनने १९१० मध्ये केलेलं इंग्रजी भाषांतर आहे. थॉम्पसन प्राणिशास्त्राचा प्राध्यापक आणि ग्रीकचा पक्का जाणकार. ऑक्टोपस कापणारा हात आणि ग्रीक क्रियापदं चालवणारा हात एकच, असा योग दुर्मीळ.

आता हे पुस्तक कुठे असेल? ड्युई दशांश वर्गीकरणात प्राचीन ग्रीक तत्त्वज्ञानात ॲरिस्टॉटलला १८५ हा आकडा, प्राणिशास्त्राला ५९०, कीटकांना ५९५.७. (आम्ही ग्रंथालयवाले ०२० मध्ये. सगळ्यांच्या आधी, आणि धूळही सगळ्यांत जास्त.) आमच्याकडे ॲरिस्टॉटलचं समग्र लेखन दुसऱ्या मजल्यावर तत्त्वज्ञानात आहे आणि थॉम्पसनचं भाषांतर तळमजल्यावर प्राणिशास्त्रात, कुणा जुन्या वर्गीकरणकाराने तिथे टाकलेलं. माणूस एक, मजले दोन. त्याच्या ग्रंथांच्या बाबतीत मांडणीची गंमत जुनीच आहे. 'मेटाफिजिक्स' हे नाव त्याने दिलेलं नाही. त्याच्या लेखनाची नंतर मांडामांड झाली तेव्हा जे निसर्गविषयक ग्रंथांच्या पुढे आलं, ते 'निसर्गानंतरचं', अशी त्या नावाची रूढ उपपत्ती आहे. ती मला फार आवडते. तत्त्वज्ञानाच्या एका अख्ख्या शाखेचं नाव म्हणजे कपाटातली जागा! हे मी ऐकवायला लागले की सहकारी चहाला उठतात.

तळमजल्यावरचं पुस्तक जागेवर होतं. मागच्या तारीखपट्टीवर शेवटचा शिक्का ३० वर्षांपूर्वीचा. ती उभ्याउभ्याच पानं उलटायला लागली. ग्रंथ बेकरच्या ४८६ व्या पानापासून सुरू होतो. जे शोधत होतो ते निघालं ४९० व्या पानाच्या डाव्या स्तंभात, ३४ व्या ओळीपाशी. म्हणजे अगदी सुरुवातीलाच. ज्याने कोणी पुस्तक उघडून पंधरा मिनिटं वाचलं असतं त्याला ते सापडलं असतं.

तिने ते वाचलं. मग पुन्हा वाचलं, आणि खाली फरशीवरच बसली.

तिथे घरमाशी नव्हतीच. रक्तहीन, बहुपाद प्राणी चारापेक्षा जास्त बिंदूंवर हालचाल करतात असं सांगताना ॲरिस्टॉटल उदाहरण देतो ते 'एफेमेरॉन'चं, एका दिवसाच्या प्राण्याचं: हा चार पायांनी आणि चार पंखांनी चालतो. आयुष्य एका दिवसाचं म्हणून हे नाव, आणि चार पायांचा असून पंखवाला म्हणूनही तो आगळा, असंही तो जाता जाता नोंदवतो.

"मॅडम, ही मेफ्लाय आहे."

तिच्या गणाचं नावच एफेमेरॉप्टेरा. ज्या कीटकांच्या हजारो बाटल्या तिने लेबलं लावून ठेवल्या होत्या, त्यांच्याबद्दलचं वाक्य कुठल्या कुठे घरंगळत जाऊन घरमाशीचं झालं होतं आणि परत फिरून तिच्याच प्रस्तावनेत येऊन बसलं होतं.

इथे थांबलो असतो तर जेवणाच्या सुट्टीआधी काम संपलं असतं. रंगनाथनांनी १९३१ मध्ये मांडलेल्या ग्रंथालयशास्त्राच्या पाच नियमांतला चौथा सांगतो, वाचकाचा वेळ वाचवा. तो मी त्या दिवशी सरळ मोडला. दुसऱ्या मजल्यावर रोज खिडकीजवळ बसणारे तत्त्वज्ञानाचे निवृत्त सर होते, त्यांना गाठलं. त्यांनी आमचा शोध शांतपणे ऐकून घेतला आणि विचारलं, "एफेमेरॉन म्हणजे हिची मेफ्लायच, हे कशावरून?"

ती म्हणाली, नावावरून. सर म्हणाले, नाव तुम्ही नंतर उचललंत. मग त्यांनी समग्र लेखनातला दुसरा उतारा काढला, ५५२ बी. हायपॅनिस नदीवर उन्हाळ्यात, दिवस सगळ्यात मोठा असतो त्या सुमारास, द्राक्षाहून मोठ्या पिशव्या प्रवाहातून वाहत येतात. त्या फुटतात आणि आतून चार पायांचा पंखवाला प्राणी निघतो. संध्याकाळपर्यंत उडतो आणि सूर्य मावळताना मरतो.

"द्राक्षाहून मोठ्या?" ती पुटपुटली. "इतकी मोठी कात नसते आमची. पण पाण्यातून निघणं, एका दिवसात मरणं... प्रौढ मेफ्लाय खातही नाही, तिची तोंडाची अवयवरचनाच कामाची नसते."

"म्हणजे काही जुळतं, काही जुळत नाही," सर म्हणाले. "तुम्ही जातीला नाव देता तेव्हा नमुना ठेवता ना कुठेतरी?"

ठेवतात. नवी जात वर्णन करताना एक नमुना नामधारक म्हणून जपून ठेवायचा असतो. उद्या वाद झाला तर तो काढून पाहता येतो की हे नाव याचं. ॲरिस्टॉटलच्या शब्दाला अशी टाचणी टोचलेली नाही. आपल्याकडे शब्द आहे, आजूबाजूची चार वाक्यं आहेत, आणि त्यावरून प्राणी ओळखायचा आहे. मराठीत 'संदर्भ' म्हटलं की तळटीपही येते आणि आजूबाजूची वाक्यंही येतात. वीस वर्षं त्या नावाच्या विभागात बसते, पण हे मला त्या दिवशी पहिल्यांदा जाणवलं.

"पाय तर मोजू या," मी म्हणाले. इतकं झाल्यावर न मोजता घरी जाणं बरं दिसलं नसतं.

तिच्या प्रयोगशाळेत आम्ही तिघं गेलो. तिने अल्कोहोलच्या बाटलीतून एक प्रौढ नर चिमट्याने उचलून काचेच्या वाटीत ठेवला आणि सूक्ष्मदर्शकाखाली सरकवला. मी आयुष्यात प्रथमच मेफ्लाय इतक्या जवळून पाहिली. डोकं जवळजवळ डोळ्यांनीच व्यापलेलं. पुढचे पंख जाळीदार, त्रिकोणी. मागचे इतके चिमुकले की तिने सुईचं टोक लावून दाखवले तेव्हा दिसले. पाय सहा. पण पुढची जोडी बाकीच्यांपेक्षा कितीतरी लांब आणि समोर ताणलेली. उडता उडता मादीला खालून धरायला नर ही जोडी वापरतो. मग तिने ओढ्याकाठचा एक फोटो दाखवला: गवताच्या पात्यावर बसलेला नर, पुढचे दोन पाय हवेत उचललेले, मिशांसारखे. पात्यावर टेकलेले पाय चार.

कोणी काही बोललं नाही. सरांनी चष्मा काढून पुन्हा एकदा सूक्ष्मदर्शकात पाहिलं आणि म्हणाले, "यावरून त्याने असंच पाहिलं असं सिद्ध होत नाही हं." पण आवाज खुशीतला होता.

पुढे त्यांनीच आम्हाला 'प्राण्यांचे अवयव' या ग्रंथातला ६८३ वा आकडा दाखवला. काही कीटकांचे पुढचे पाय लांब का, याचं कारण ॲरिस्टॉटल तिथे देतो: डोळे कडक असल्यामुळे त्यांना नीट दिसत नाही, म्हणून डोळ्यांवर पडलेलं ते पुढच्या पायांनी झटकतात. माश्या आणि मधमाश्या पुढचे पाय सारखे एकमेकांवर घासतात, ते दिसतंच, असं तो म्हणतो. कारण आजच्या जीवशास्त्राला पटेल न पटेल. पण हा माणूस माशीसमोर बसून तिचे पुढचे पाय न्याहाळत होता.

"मग त्याने चूक केलीच नाही?" तिने विचारलं. तिला प्रस्तावनेत एक चूक हवी होती, परिच्छेद त्यावरच उभा होता.

"केल्या की! पुष्कळ." सरांनी ५०१ बी काढलं. पुरुषांना बायकांपेक्षा दात जास्त असतात, मेंढ्या, बकऱ्या आणि डुकरांतही तसंच. ती हे उतरवून घेणार, तोच त्यांनी पुढच्या ओळीवर बोट ठेवलं: इतर प्राण्यांच्या बाबतीत अजून निरीक्षण झालेलं नाही.

मला पालकाची गोष्ट आठवली. पालकात लोह फार असतं हा समज दशांशचिन्ह चुकल्यामुळे पसरला, असं वर्गावर्गांत सांगतात. १९८१ मध्ये एका वैद्यकीय नियतकालिकातल्या लेखाने ती गोष्ट लोकप्रिय केली आणि तिला संदर्भ दिलेला नव्हता. पुढे शोध घेणाऱ्यांना त्या दशांशचिन्हाचा पुरावा मिळाला नाही. तपासून पाहा म्हणून सांगण्यासाठी वापरलेली गोष्टच कोणी तपासली नव्हती. माशीचे पाय त्याच घराण्यातले.

संध्याकाळी तिने नवं वाक्य लिहून आणलं: 'माशीला चार पाय असतात असे ॲरिस्टॉटलने कधीही म्हटलेले नाही.' सरांनी पेन्सिलीने 'कधीही' खोडलं. त्याचं कितीतरी लेखन हरवलंय, म्हणाले. उपलब्ध ग्रंथांत आपल्याला आढळले नाही, एवढंच लिही. तिने तसं लिहिलं, दोन्ही बेकर क्रमांक दिले आणि थॉम्पसनचं भाषांतर संदर्भसूचीत घातलं. चार दिवसांनी कळलं की प्रस्तावना लांबली म्हणून मार्गदर्शकांनी तो परिच्छेद काढायला लावला. तिने वाक्य काढलं, तळटीप ठेवली. कशाची तळटीप, ते परीक्षकांनी विचारलं तर सांगेन म्हणाली.

विभाग बंद करताना मी रोजच्या नोंदवहीत त्या दिवसाची नोंद केली होती. प्रश्न: माशीचे पाय. लागलेला वेळ: साडेसहा तास. शेवटच्या रकान्यात दोनच पर्याय छापलेले असतात, 'उत्तर मिळाले' आणि 'उत्तर मिळाले नाही'. बराच वेळ पेन हातात धरून बसले. मग दोन्हींवर खूण केली आणि दिवे घालवले. महिनाअखेरीला बेरीज एकाने जास्त आली, त्यावर अजून कोणी काही विचारलेलं नाही.