युरिक ॲसिड ८.४ आणि हृदयाची धास्ती

बीपीसाठीच्या नेहमीच्या तपासण्यांबरोबर या वेळी युरिक ॲसिडही केलं आणि रिपोर्टात ते ठळक अक्षरांत आलं: ८.४. पुरुषांमध्ये साधारण ७ पर्यंत चालतं. माझ्या पायाचा अंगठा दुखत नव्हता, सांधा सुजला नव्हता, मुतखडाही कधी झालेला नाही. पण मोबाइलवर शोधायला गेलो तर जिकडेतिकडे हार्ट अटॅक. झोप उडाली.

डॉक्टर खाण्यापिण्यावरून झापणार, या तयारीनेच गेलो होतो. त्यांनी आधी माझ्या गोळ्यांची पाकिटं मागितली. एक पट्टी उलटी करून, चष्मा कपाळावर सरकवून बारीक अक्षरं वाचली आणि एका नावावर नख टेकवलं. हायड्रोक्लोरोथायझाइड. बीपीच्या गोळीतला लघवी वाढवणारा भाग. युरिक ॲसिड मुख्यतः मूत्रपिंडातून बाहेर पडतं, आणि हे औषध ते अडवून धरतं. खाण्याचा वाटा असतोच (मांस, दारू, गोड पेयं), पण शरीरात रोज तयार होणाऱ्या युरिक ॲसिडचा मोठा भाग आपल्याच पेशींच्या मोडतोडीतून येतो. डाळी सोडण्याचा माझा बेत तिथेच बारगळला.

मग मुख्य प्रश्न विचारला, हृदयाचं काय? त्या म्हणाल्या, युरिक ॲसिड जास्त असणाऱ्यांत हृदयविकार जास्त दिसतो हे खरं. पण त्याच लोकांना बीपी, वाढलेलं वजन, मधुमेह, मूत्रपिंडाचा त्रासही असतो, मग दोष नेमका कुणाचा? अमेरिकेतल्या फ्रॅमिंगहॅमच्या अभ्यासात १९९९ साली हे तपासलं गेलं. बाकीच्या गोष्टी, अगदी लघवीच्या गोळ्यासुद्धा, हिशेबात धरल्यावर युरिक ॲसिडचा वेगळा असा दोष उरला नाही. पुढे ब्रिटनमध्ये हृदयविकार असलेल्या, पण गाउट (युरिक ॲसिडमुळे सांधे सुजून दुखण्याचा आजार) नसलेल्या साठीपुढच्या साडेपाच हजारांहून जास्त लोकांवर युरिक ॲसिड कमी करणाऱ्या ॲलोप्युरिनॉल या औषधाची चाचणी झाली. २०२२ च्या निकालात हार्ट अटॅक, पक्षाघात किंवा हृदयविकाराने होणारे मृत्यू कमी झालेले दिसले नाहीत.

म्हणजे मला गोळी नाही? "आकड्याला गोळी द्यायची नसते," त्या म्हणाल्या. मला हे पटायला वेळ लागला, कारण गोळी मिळाली की निदान काहीतरी चाललंय असं वाटतं!

त्यांनी बीपीचं औषध बदलून लोसार्टन दिलं. ते बीपी उतरवतं आणि युरिक ॲसिडही थोडं बाहेर काढतं. मनाने काहीही बंद करायचं नाही, हे मात्र दोनदा बजावलं. ईसीजी काढला, मूत्रपिंडाचं काम कळावं म्हणून रक्तातलं क्रिएटिनिन पाहिलं, दोन्ही ठीक निघाले. मग रिपोर्टाच्या त्याच पानावर खाली एलडीएल, म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल, १६२ होतं, त्याभोवती पेनाने जाड गोल केला. तोही आकडा ठळकच होता, पण त्याने माझी झोप उडवली नव्हती. हृदयाची काळजी असेल तर इथून सुरुवात करायची, असं म्हणून ते कमी करणारं स्टॅटिन लिहून दिलं.

पुढच्या तपासणीला युरिक ॲसिड ६.९ आलं आणि बीपीही आटोक्यात होतं. आता क्रिएटिनिनबरोबर तेही वर्षातून एकदा बघायचं ठरलंय. अंगठा कधी रातोरात लाल होऊन ठणकायला लागला तर मात्र लगेच यायचं, मग तो गाउट असू शकतो आणि त्याचे उपचार वेगळे, असं त्यांनी सांगून ठेवलंय.