आमची वाटचाल: फ्यूज बॅटरीपासून दीड फुटावर होता

आमचं गाड्यांच्या वायरिंगचं दुकान पांढरकवड्यात, हायवेला लागून. सुरू केलं तेव्हा हा नागपूर-हैदराबाद रस्ता ७ नंबरचा होता, ४४ नंतर झाला. टिनाची दहा बाय बाराची खोली, एक बाक, एक मल्टिमीटर आणि उस्तादांनी दिलेला टेस्टलॅम्प, एवढंच भांडवल. टेस्टलॅम्प म्हणजे स्कूटरच्या इंडिकेटरचा बल्ब, दीड मीटर वायर आणि टोक कानशीनं घासलेला सायकलचा स्पोक. मल्टिमीटर आजवर सहा बदलले, टेस्टलॅम्प तोच आहे. आतला एकच बारीक तार शाबूत असलेल्या वायरलाही मीटर १२ व्होल्ट दाखवतो. टेस्टलॅम्पला पेटायला करंट लागतो, त्यामुळे त्याला फसवता येत नाही. दुकानात येणाऱ्या प्रत्येक नव्या पोराला एवढं पटवायला मला वर्ष जातं.

हेडलाइटचं काम आमच्याकडे रोह्यांनी, म्हणजे नीलगायींनी, आणलं म्हणा ना. करंजी-मारेगाव-वणी रस्ता असो की टिपेश्वरकडचा, रात्री रोही आडवा आला की ब्रेक मारायलाही वेळ मिळत नाही. लोक बाजारातून १००/९० वॅटचे बल्ब आणून टाकायचे आणि महिनाभरात डिपर स्विच (झोत वर-खाली करणारा) जळाला म्हणून आमच्या दारात उभे. जळणारच. दोन बल्बांचे १६-१७ अँपियर त्या बारक्या वायरीतून आधी स्टिअरिंगपर्यंत जायचे आणि मग परत पुढे यायचे. बल्ब न बदलता मी फक्त मोजून दाखवायचो: गाडी चालू असताना बॅटरीवर १३.८, बल्बच्या कपलरवर ११.९. व्होल्टेज दहा टक्के पडलं की उजेड तीस टक्क्यांच्या आसपास पडतो, हे गिऱ्हाइकाला पटत नसे. मग एका बाजूला रिले लावायचो, म्हणजे थोड्या करंटवर चालून मोठा करंट सोडणारा स्विच, दुसरी बाजू तशीच ठेवायचो आणि गाडी भिंतीसमोर उभी करायचो. त्यावर कोणी वाद घातला नाही. बल्ब तेच ६०/५५ चे, बॅटरीवरून थेट ४ एमएमची वायर, डिपरला एक रिले, अप्परला एक. जुना स्विच आता फक्त कॉइल ओढणार, पाव अँपियरही नाही. रिलेच्या ८५-८६ या पिना कॉइलच्या, ३०-८७ बल्बच्या करंटच्या.

क्रिंपिंगची, म्हणजे वायरच्या टोकाला टर्मिनल दाबून बसवायची, पक्कड नागपूरहून आणली होती, दाब पुरा बसल्याशिवाय न सुटणारी. त्या काळी महिन्याच्या कमाईचा मोठा तुकडा तिच्यात गेला. समोरचा दुकानदार हसला होता, "वायर तं दातानंबी सोलते ना भाऊ."

या समोरच्याबद्दल लिहिलंच पाहिजे. माझ्या मागून दोन वर्षांनी त्यानं दुकान टाकलं. मी एका गाडीला अर्धा दिवस लावतो, तो वीस मिनिटं. वायर सोलायची, पीळ मारायचा, वर काळी टेप. आपल्याकडे मे महिन्यात टेपचा डिंक गळून बोनेटच्या आत धागे लोंबतात, पण तोवर गिऱ्हाईक पैसे देऊन गेलेलं असतं. गर्दी त्याच्याकडे जास्त, हे मी मान्य करतो.

कापसाच्या हंगामात एका ठेकेदाराची सुमो करंजीच्या अलीकडे रात्री पेटली. माणसं उतरली, कोणाला काही झालं नाही, गाडी मात्र पुढून गेली. रिले मी लावले होते. सकाळी तिथे पोचलो तर समोरचा माझ्या आधी हजर. "रिले लावले की गाड्या जळतेच," हे वाक्य त्यानं त्या दिवशी किती जणांना ऐकवलं, देव जाणे. संध्याकाळी पाटणबोरीहून एकाचा फोन आला, "भाऊ, माहे काढून दे."

झालं काय होतं ते मी राख चाळून काढलं. पंधरा दिवसांपूर्वी त्या गाडीत नवी बॅटरी बसवली होती, समोरच्याच दुकानात. क्लॅम्पचा बोल्ट नीट आवळला नव्हता. बॅटरी हलत राहिली आणि क्लॅम्पच्या कोपऱ्यानं माझी वायर कापली. हे मी शंभर जणांना सांगितलं आणि आजही सांगतो. पण राखेत मला माझा फ्यूजही सापडला. २० अँपियरचा पिवळा, एका बाजूनं वितळलेला, आतली पट्टी अखंड. फ्यूज मी रिलेजवळ बसवायचो, बॅटरीपासून दीड फुटावर, तिथे बोट सहज जातं म्हणून. वायर कापली ती त्या दीड फुटातच, जिथे तिला राखायला काहीच नव्हतं. हे मात्र मी कितीतरी दिवस कोणाला सांगितलं नाही.

तो हंगाम गेला. रिलेचं काम जवळपास थांबलं. ठेकेदाराला रोख दिले, वर नवं वायरिंग फुकट. बायकोच्या शिवणकामावर दुकानाचं भाडं निघालं. वहीत ७१ गाड्यांचे नंबर होते, सगळ्यांना निरोप धाडला: या, फ्यूज बॅटरीजवळ घेतो, पैसे नाहीत. ५८ आल्या. उरलेल्या तेरा माझ्या डोक्यातून अजून जात नाहीत.

सर्वांत आधी काकाजी आले. त्यांची पिकअप, खेड्यांतून कापूस भरून रात्रीतून जिनिंगला. आमच्या सुरुवातीच्या पाच-सहा गाड्यांत त्यांची एक. फ्यूज हलवून झाला तरी काकाजी जाईनात. आठवडी बाजाराचा दिवस होता. त्यांनी पिकअप दुकानासमोर आडवी लावली, बोनेट उघडलं आणि चहा मागवला. जो थांबेल त्याला म्हणायचे, "सा वर्सं झाले या वायरिंगले. जळलं कुठं, दाखवा." दुपारपर्यंत ट्रॅफिक अडली, पोलिसानं हटकलं, तेव्हा कुठे गाडी हलली. मला जाताना एवढंच, "पोट्ट्या, फ्यूज आधीच जवळ लावाले काय झालं होतं?" त्यांना कोणी सांगितलं नव्हतं. नवी जागा पाहून त्यांनीच ओळखलं होतं.

पुढची वर्षं सुरळीत गेली. टिनाच्या जागी स्लॅब आला. २०१८ ला राळेगाव-पांढरकवडा पट्ट्यात वाघिणीची दहशत होती, लोक दिवे लागायच्या आत घरात. ज्यांना रात्री निघणं भागच होतं ते सगळे लाइट वाढवायला आमच्याकडे. समोरचा आता एलईडी विकतो.

विचारलं नाही तरी सांगतो. हॅलोजनच्या रिफ्लेक्टरमध्ये एलईडी टाकला की उजेड विखुरतो, तुम्हाला झाडाचे शेंडे दिसतात आणि समोरून येणाऱ्याला काहीच दिसत नाही. १००/९० चा हट्ट धरू नका. आतलं प्लास्टिक पिवळं पडतं, पोलिसानं धरलं तर मला फोन करू नका. अर्थची (निगेटिव्हची) वायर रंगावर लावू नका, पत्रा चकचकीत होईपर्यंत घासा. पॉझिटिव्हला सगळे जपतात, निम्म्या तक्रारी अर्थच्या असतात. बॅटरी कोणाकडूनही बदला, क्लॅम्प स्वतः हलवून बघा.

आणि फोकस सेट करायचा असेल तर अंधार पडल्यावर या, दिवसा भिंतीवर काही दिसत नाही. भिंत पंचवीस फुटांवर आहे, त्यासाठीच ती चुन्यानं रंगवली आहे. पिकअपवाल्यांनी गाडी रिकामी आणू नये. कापूस भरला की मागची बाजू बसते, नाक वर जातं आणि सेट केलेलं सगळं वाया.