जॉलीच्या उपकरणावर उणे २७३ गाठताना : माझा अनुभव

'स्थिर आकारमान' हे पुस्तकात गृहीत धरलेलं असतं. प्रयोगाच्या टेबलावर मात्र ते प्रत्येक रीडिंगला हाताने साधावं लागतं. कोंडलेली हवा आकारमान बदलू न देता तापवायची, तिचा दाब मोजायचा, आणि आलेख मागे वाढवून जिथे दाब शून्य होतो ते तापमान, म्हणजे निरपेक्ष शून्य (सुमारे उणे २७३ अंश सेल्सिअस), काढायचं : हा प्रयोग मी पुण्यात करतो. गाव समुद्रसपाटीपासून साधारण ५६० मीटर उंच असल्याचा त्यावर चांगलाच परिणाम होतो, तो पुढे येईलच.

उपकरण साधं आहे. सुमारे १०० मिलीचा काचेचा गोळा, त्याला जोडलेली केशनळी, केशनळीच्या टोकाशी पाऱ्याची पातळी धरायची खूण, आणि जाड रबरी नळीने जोडलेली, स्केलवर वर-खाली सरकणारी उघडी नळी. हवा तापली की पाऱ्याला खाली ढकलते. उघडी नळी वर उचलून पारा पुन्हा खुणेवर आणला, की हवेने व्यापलेली जागा पहिल्याइतकीच होते. मग दोन्ही नळ्यांमधल्या पातळ्यांचा फरक h वाचायचा. गोळ्यातला दाब म्हणजे वायुदाबमापकाचं रीडिंग H अधिक h. उघड्या नळीतला पारा खुणेच्या खाली असेल तर h उणे.

सुरुवात हवा कोरडी करण्यापासून. गोळा कोमट करून आतली हवा पंपाने काढायची आणि ओलावा शोषणाऱ्या कॅल्शियम क्लोराइडच्या नळीतून नवी हवा आत घ्यायची. मी हे किमान चार वेळा करतो, पावसाळ्यात सहा वेळा. आत पाण्याचा एक थेंब जरी राहिला तरी ० अंशाला त्याच्या वाफेचा दाब ४.६ मिमी (पाऱ्याच्या स्तंभाची उंची) असतो आणि ३० अंशांना जवळपास ३२ मिमी होतो. म्हणजे तेवढ्यातच २७ मिमी दाब फुकटचा वाढतो, आणि निरपेक्ष शून्य उणे २७३ च्या बरंच अलीकडे, शून्याच्या दिशेला येतं. आलेख सरळ न येता वर वाकत असेल तर बाकी काही तपासण्याआधी ओलावा तपासा.

मग बर्फ. बारीक कुटलेला, थोडं पाणी घातलेला आणि गोळ्याच्या मानेपर्यंत भरलेला. पंधरा मिनिटं थांबून पारा खुणेवर आणायचा. पारा काचेला चिकटून राहतो, म्हणून नळीवर बोटाने दोन-तीनदा हलकी टिचकी मारायची आणि फुगीर पृष्ठाचा माथा वाचायचा, डोळा त्याच पातळीत ठेवून. पाणी तापवताना दर १० अंशांना शेगडी काढून घ्या, पाणी ढवळत राहा आणि तीन-चार मिनिटांनीच वाचा. हवा थर्मामीटरच्या मागे राहते, म्हणून मी तापताना आणि निवताना अशी दोन्ही रीडिंग घेऊन सरासरी काढतो. शेवटी गोळा उकळत्या पाण्याच्या वाफेत.

इथे सगळ्यात मोठा धोका आहे. वाफेचं रीडिंग झाल्यावर उघडी नळी तशीच वर ठेवून गोळा निवू दिला तर आतला दाब पडतो आणि पारा केशनळीतून थेट गोळ्यात चढतो. मग सगळं उपकरण खोलावं लागतं. म्हणून शेगडी बंद करण्याआधी उघडी नळी २५-३० सेंमी खाली आणा. स्टँडखाली कडा असलेला ट्रे हवाच, आणि बोटातली अंगठी काढून ठेवा. पारा सोन्याला धरतो.

आता पुण्याची गोष्ट. समजा वायुदाबमापकावर ७१५ मिमी आहे आणि खोलीत २८ अंश. पाऱ्याच्या प्रसरणाची दुरुस्ती केल्यावर खरा दाब सुमारे ७१२ मिमी, आणि त्या दाबाला पाणी १०० ला नाही, ९८.२ अंशांना उकळतं. दाब हवामानाच्या बातमीतून घेऊ नका. तो समुद्रसपाटीला बेतलेला असतो आणि पुण्याच्या प्रत्यक्ष दाबापेक्षा बराच जास्त असतो. H + h ची बेरीज करताना मात्र मी न दुरुस्त केलेलं H च वापरतो. दोन्हीकडे एकाच तापमानाचा पारा असल्याने गुणोत्तरात ती दुरुस्ती कटून जाते.

आकडे असे घ्या. बर्फात h = −११, दाब ७०४ मिमी. वाफेत h = +२३८, दाब ९५३ मिमी. फरक २४९. ९८.२ अंशांत दाब २४९ ने बदलतो, तर ७०४ चा शून्य व्हायला किती अंश लागतील, या हिशोबाने निरपेक्ष शून्य येतं ७०४ × ९८.२ ÷ २४९, म्हणजे उणे २७७.६. उत्कलनबिंदू १०० धरला असता तर उणे २८२.७ आलं असतं, म्हणजे एका आकड्याने ५ अंशांची चूक. दाबाच्या फरकातली १ मिमीची चूकही उत्तर १.१ अंशाने हलवते.

मग उरलेले साडेचार अंश कुठून आले? केशनळीत आणि खुणेपर्यंतच्या जागेत असलेली हवा तापतच नाही, ती खोलीच्याच तापमानाला राहते. १०० मिलीच्या गोळ्याला अशी १ मिली जागा असेल तर शून्य सुमारे ३.३ अंश पलीकडे सरकतं. शिवाय काच स्वतः फुगते : बोरोसिलिकेट असेल तर आणखी १ अंशाच्या आसपास, साध्या सोडा काचेला अडीच अंश. पारा खुणेवर कितीही काटेकोर आणला तरी आकारमान पूर्ण स्थिर नसतं, आणि ही दोन्ही कारणं शून्याला एकाच दिशेने ढकलतात. दोन्ही दुरुस्त्या केल्या की उत्तर उणे २७३.२ च्या जवळ येतं. दुरुस्त्या न करताच वहीत नेमकं २७३ दिसलं तर मी ते रीडिंग पुन्हा घ्यायला लावतो. दोन चुका एकमेकींना खोडत असण्याची शक्यता जास्त असते, आणि त्यातली एक बहुधा ओलाव्याची.

केशनळी बारीक करून ही मृत जागा कमी करता येते, पण फार बारीक केली तर दाब स्थिरावायला वेळ लागतो. १८८७ मध्ये आंतरराष्ट्रीय वजन-मापे समितीने स्थिर आकारमानाचा हायड्रोजन तापमापक प्रमाण म्हणून स्वीकारला, तेव्हाही ही दुरुस्ती टळलेली नव्हती. ती मोजूनच घ्यावी लागते. मी केशनळीतला भाग पाऱ्याने भरून, तो पारा वजन करून मोजतो : १३.६ ग्रॅम म्हणजे १ मिली.

सगळं झाल्यावर गोळा पुन्हा बर्फात ठेवून पहिलं रीडिंग परत घ्या. १ मिमीपेक्षा जास्त फरक आला तर कुठल्यातरी जोडातून हवा निसटली आहे, आणि मधली सगळी रीडिंग बाद.