पाटणादेवीच्या वाटेवरचे खुले वायफाय

चाळीसगावच्या ज्या लॉजमध्ये मी उतरले होते, तिथल्या काउंटरवर ‘मोफत वायफाय, पासवर्ड नाही’ अशी पाटी होती, आणि त्या पाटीचा मला अजूनही राग येतो. मी काही छोट्या संस्थांचे सर्व्हर सांभाळते. त्यांपैकी एकाच्या सुरक्षा-प्रमाणपत्राची (संकेतस्थळ खरे आहे हे ब्राउझरला पटवणाऱ्या दाखल्याची) मुदत दुसऱ्या दिवशी संध्याकाळी संपणार होती, नूतनीकरण आपोआप होत नव्हते, म्हणून प्रवासात असले तरी सर्व्हरवर जाऊन ते हाताने करणे भाग होते. माझ्या जुन्या लॅपटॉपवर डेबियन ही लिनक्स प्रणाली आहे आणि त्यात खिडक्या-चिन्हांचा डेस्कटॉप मी मुद्दामच ठेवलेला नाही. जे करायचे ते कमांड लिहून, वायफाय जोडणेसुद्धा.

खुल्या नेटवर्कला जोडणे कमांड लाइनवरून खरे तर फार सोपे असते. ‘आयपी लिंक’ या कमांडने वायफाय कार्डाचे नाव कळते, माझ्याकडे ते डब्ल्यूएलपी२एस० आहे, ते सुरू करायचे आणि ‘आयडब्ल्यू’ या वायफायच्या कमांडला आसपासची नेटवर्के शोधायला सांगायची. यादीत ज्या नेटवर्कच्या नोंदीखाली आरएसएनचा, म्हणजे सुरक्षेच्या तपशिलाचा, भाग नाही आणि ‘प्रायव्हसी’ हा शब्दही नाही, ते खुले. लॉजचे तसेच होते. ‘कनेक्ट’ म्हणताच जोडणी झाली, ‘डीएचक्लायंट’ या कमांडने नेटवर्कवरचा पत्ताही मिळवून दिला, राउटरला पिंग केले, म्हणजे साद घातली, तर उत्तर लगेच आले, पण राउटरच्या पलीकडे काहीच जाईना. कमांड लाइनचा मोठा गुण असा की नेमके कुठे अडले आहे ते ती पायरी-पायरीने दाखवते. पाने मागवणाऱ्या ‘कर्ल’ कमांडने एक साधे, कुलूप नसलेले पान मागितले, तेव्हा ३०२, म्हणजे ‘दुसऱ्या पानावर जा’, असा आकडा आला आणि त्याखाली लॉजच्याच पानाचा पत्ता. त्या पानाला माझा मोबाइल नंबर आणि त्यावर येणारा ओटीपी हवा होता.

माझ्या खोलीत फोनला रेंज नव्हती. रेंज होती गच्चीवर, आणि गच्चीवर वायफाय पोहोचत नव्हते. मॅनेजरना विचारले तर ते अगदी सहजपणे म्हणाले, “ताई, सगळ्यांचं असंच होतं. वर जाऊन ओटीपी घ्या आणि लगेच खाली या.” दोन मजले उतरून ओटीपी मुदतीत आणला, तर त्या पानावरचे बटण जावास्क्रिप्टवर (पानातच चालणाऱ्या प्रोग्रॅमवर) चालणारे निघाले आणि फक्त मजकूर दाखवणाऱ्या माझ्या अक्षरी ब्राउझरमध्ये ते दाबलेच जाईना. ज्या मुलखात पाहुण्याच्या हाती आधी पाण्याचा तांब्या देतात आणि मग कुठून आलात ते विचारतात, तिथे दारातच ओळखपत्र मागून वर ‘पासवर्ड नाही’ अशी पाटी लावावी, हे मला मुळीच पटत नाही. ओळख घ्यायचीच असेल तर ती सरळपणे सांगण्याची सोय आहे. ‘आधी या पानावर जा’ हे नेटवर्कने पत्ता देतानाच कळवावे, यासाठी आरएफसी ८९१० हे इंटरनेटचे मानक २०२० सालीच आले. त्यात डीएचसीपीचा (पत्ते वाटणाऱ्या पद्धतीचा) ११४ क्रमांकाचा पर्याय नेमका याच कामासाठी ठेवला आहे. या लॉजच्या राउटरने तसे काही कळवले नव्हते.

दुसरा दिवस पितळखोऱ्याची लेणी आणि पाटणादेवी यांत गेला. ऊन कडक होते, आणि गणिती भास्कराचार्यांच्या नातवाने त्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी जिथे मठ काढला, त्या परिसरात मला हवा तेवढा वेळ देता आला नाही, कारण डोक्यात ते प्रमाणपत्र होते.

परतताना रस्त्यालगतच्या एका लहानशा हॉटेलात शेवभाजी आणि भाकरी सांगितली. वायफाय आहे का, असे विचारल्यावर गल्ल्यावरचा मुलगा म्हणाला, “शे ना ताई. पासवर्ड काही नही शे, बसा आठे.” तो कोपऱ्यातल्या बाकाकडे बोट दाखवत होता, तिथे सिग्नल सर्वांत चांगला मिळतो म्हणून.

मी नेटवर्के शोधली आणि नावाच्या जागी नुसती आकड्या-अक्षरांची रांग उमटली: ई० ए४ ९५, ई० ए४ बीई, ई० ए४ ए८, आणि पुढे अशीच. ई० ए४ ही जोडी दर तीन बाइटांनी परत येत होती, म्हणजे नाव देवनागरीत होते. अक्षरे बाइटांत साठवण्याच्या युनिकोडच्या यूटीएफ-८ पद्धतीत देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेते, काना आणि मात्रासुद्धा, आणि नेटवर्कच्या नावाला मिळून जागा फक्त ३२ बाइटांची. त्यामुळे मराठी नाव दहा चिन्हांपुढे जाऊ शकत नाही. इथे सहाच होती, १८ बाइट. पहिले तीन बाइट म्हणजे ‘क’, नंतर काना, मग ‘न’, ‘ब’, पुन्हा काना, शेवटी ‘ई’. कानबाई. खान्देशात श्रावणात ज्या देवीची स्थापना होते, तिचे नाव त्या पडद्यावर असे बाइटांतून जुळत गेले, तेव्हा मला मनापासून आनंद झाला.

माझ्या कन्सोलवर (कमांड लिहिण्याच्या पडद्यावर) देवनागरी लिहिता येत नाही. म्हणून तेच अठरा बाइट ‘प्रिंटएफ’ या मजकूर छापणाऱ्या कमांडला दिले आणि त्यातून निघालेले नाव अवतरणचिन्हांत ‘आयडब्ल्यू’च्या ‘कनेक्ट’पुढे ठेवले. जोडणी झाली, पत्ता मिळाला, आणि बाहेरचे पिंगही पहिल्याच दमात परत आले. मध्ये कुठले पान नाही, नंबर नाही. खुल्या नेटवर्कवर हवेतला मजकूर सांकेतिक नसतो, जवळ बसलेला कुणीही तो टिपू शकतो. पण माझे सगळे काम ‘एसएसएच’ या दूरच्या सर्व्हरवर जाण्याच्या सुरक्षित मार्गातून होते आणि ते स्वतःच सगळे सांकेतिक करते. भाकरी येईपर्यंत प्रमाणपत्र नवे झाले होते.

जेवताना त्या मुलाशी बोलणे झाले. मुक्कामी एसटीचे चालक-वाहक, शेतावरून येणारी माणसे, कॉलेजची मुले असे सगळेच मागतात, म्हणून त्याने पासवर्ड काढून टाकला होता. बिलाचा संगणक आणि कॅमेरा मात्र त्याच नेटवर्कवर होते, आणि ते मला धोक्याचे वाटले. त्याच्या परवानगीने राउटरचे पान उघडले. गिऱ्हाइकांसाठी वेगळे गेस्ट नेटवर्क चालू केले, त्यावरची यंत्रे एकमेकांना दिसणार नाहीत असे केले आणि मूळ नेटवर्कला पासवर्ड लावला. गिऱ्हाइकांच्या नेटवर्कचे नाव ‘कानबाई’च राहिले पाहिजे, ही त्याची एकच अट होती, मूळ नेटवर्कला त्याने आपल्या शेताचा गट क्रमांक हेच नाव दिले.