ओहायोच्या यादीतले ६४९ दिवस

संदर्भग्रंथासाठी अमेरिकी राज्यांच्या गव्हर्नरांच्या याद्या तपासायचं काम चालू होतं. त्या दिवशी ओहायो. पहिली दुरुस्ती नेहमीचीच, ‘राज्यपाल’ काढून ‘गव्हर्नर’ करणं. आपले राज्यपाल राष्ट्रपती नेमतात, तिथला गव्हर्नर लोक निवडून देतात. शब्द बदलला नाही तर ‘राज्यपाल निवडणूक हरले’ अशी वाक्यं छापून जातात.

मग तारखा. एक्सेल १९०० पूर्वीची तारीख ओळखत नाही, नुसता मजकूर समजतं, त्यामुळे वजाबाकी होत नाही. त्यावर उपाय म्हणून सालात ४०० मिळवायचे. ग्रेगरियन दिनदर्शिका दर ४०० वर्षांनी जशीच्या तशी फिरून येते (१,४६,०९७ दिवस, म्हणजे बरोबर २०,८७१ आठवडे), म्हणून दिवसांचा हिशेबही जुळतो आणि वारही.

ओहायोच्या १८०२ च्या संविधानात गव्हर्नरची मुदत दोन वर्षांची, म्हणजे साधारण ७३० दिवस. पहिला गव्हर्नर एडवर्ड टिफिन ३ मार्च १८०३ ला आला आणि ४ मार्च १८०७ ला सिनेटर होऊन वॉशिंग्टनला गेला. त्यानंतर थॉमस कर्कर, १२ डिसेंबर १८०८ पर्यंत. सूत्राने उत्तर दिलं ६४९. धड एक मुदतही नाही, आणि टिफिनच्या उरलेल्या नऊ महिन्यांपेक्षा कितीतरी जास्त. यादी करणाऱ्याने कर्करपुढे ‘निवड : ऑक्टोबर १८०७’ असं लिहिलं होतं. मला वाटलं, १८०८ च्या जागी १८०९ हवं असेल. पण पुढचा गव्हर्नर सॅम्युएल हंटिंग्टन ८ डिसेंबर १८१० ला पायउतार झाला, म्हणजे त्याचे ७२६ दिवस ठीक बसत होते. १८०९ केलं असतं तर त्याची मुदत निम्मी झाली असती.

वार पाहिला. १२ डिसेंबर १८०८ सोमवार, पण महिन्यातला दुसरा. विधिमंडळ डिसेंबरच्या पहिल्या सोमवारी भरायचं, दोन्ही सभागृहांसमोर मतं उघडली जायची आणि शपथ त्यानंतर. शिवाय संविधानात ‘दोन वर्षं आणि पुढचा गव्हर्नर निवडून येऊन पात्र ठरेपर्यंत’ असं कलम आहे. त्यामुळे इथली तारीख चार-आठ दिवस पुढे सरकते, पण वर्षभर नाही.

खरी गोष्ट १८०७ च्या निवडणुकीत होती. ती रिटर्न मेग्जने जिंकली. (‘रिटर्न’ हे त्याचं नावच. यादीत त्यापुढे ‘फेरनिवड’ अशी खूण होती, ती खोडली.) हरलेल्या नॅथानिएल मॅसीने हरकत घेतली. गव्हर्नर होण्यासाठी निवडणुकीपूर्वी सलग चार वर्षं राज्यात वास्तव्य हवं, आणि मेग्ज मधल्या काळात सरकारी नेमणुकीवर लुईझियाना टेरिटरीत होता. विधिमंडळाने त्याला अपात्र ठरवलं, मॅसीनेही पद घेतलं नाही. उप-गव्हर्नर हे पदच त्या संविधानात नव्हतं. जागा रिकामी झाली की राज्याच्या सिनेटच्या, म्हणजे विधिमंडळाच्या वरिष्ठ सभागृहाच्या, सभापतीने कारभार पाहायचा, आणि सभापती होता कर्कर. टिफिन गेल्यापासून कारभार त्याच्याकडेच होता, तो तसाच राहिला. आपल्या कचेऱ्यांत ‘अतिरिक्त कार्यभार’ वर्षानुवर्षं चालतो तसाच प्रकार. ‘निवड’ खोडून ‘प्रभारी’ लिहिलं.

या एका रद्द निवडणुकीने राज्याचं वेळापत्रकच बदललं. १८०३, १८०५, १८०७ ही विषम सालं होती. १८०८ ला पुन्हा मतदान झालं आणि पुढे १८१०, १८१२ करत १८५० पर्यंत सम सालंच चालली. नवं संविधान आल्यावर १८५१ ला पुन्हा विषम. यादी तपासणाऱ्याने हा सांधा आधी पाहावा, कारण ‘दर दोन वर्षांनी’ असं सूत्र १८०३ पासून खाली ओढलं की पुढची जवळजवळ अर्ध्या शतकाची सालं एकेक वर्षाने चुकतात.

क्रमांकाचा रकाना सर्वांत त्रासदायक. प्रभारी मोजले तर कर्कर दुसरा आणि हंटिंग्टन तिसरा, नाही तर हंटिंग्टनच दुसरा. मेग्ज १८१० ला रीतसर निवडून आला आणि मार्च १८१४ ला पोस्टमास्टर जनरल व्हायला गेला, तेव्हा ऑथनिएल लुकर प्रभारी. ईथन अ‍ॅलन ब्राउन जानेवारी १८२२ ला वॉशिंग्टनच्या सिनेटवर गेला, तेव्हा अ‍ॅलन ट्रिंबल. हाच ट्रिंबल १८२६ ला स्वतः निवडून आला, म्हणून एका मोजणीत तो आठवा आणि दहावा, दुसरीत फक्त सातवा. दोन्ही मोजण्या छापील याद्यांत सापडतात. आम्ही क्रमांक काढून टाकले, तारखा आणि ‘निर्वाचित/प्रभारी’ एवढंच ठेवलं.

संध्याकाळी १८४४ ची ओळ आली. एप्रिलपासून प्रभारी थॉमस बार्टली, डिसेंबरपासून मॉर्डेकाय बार्टली. शेजारी कुणीतरी पेन्सिलीने लिहिलं होतं : ‘क्रम उलटा? वडील आधी हवेत.’ क्रम बरोबरच होता. मुलाने कारभार वडिलांच्या हाती दिला होता, आणि दोघांचे पक्षही वेगळे होते. पेन्सिल खोडली.