कधीतरी लिहिणाऱ्यांसाठी

काही माणसं वर्षातून चार-पाचदाच लिहितात. पण लिहितात तेव्हा हातातलं काम बाजूला ठेवून वाचावंसं वाटतं. पंचाईत अशी की, कधी लिहितील याचा नेम नाही. रोज त्यांच्या ब्लॉगवर डोकावायचं म्हटलं तर आठवड्यात उत्साह संपतो, आणि फेसबुकवर विसंबावं तर तिथे जो रोज आरडाओरडा करतो तोच पुढे येतो. अशा मितभाषी मंडळींसाठी मी आरएसएस फीड रीडर नावाचं ॲप बाळगून आहे.

यात जादू काही नाही. बहुतेक ब्लॉगांच्या पोटात एक साधी, यंत्रांना वाचता येणारी एक्सएमएल फाइल असते; तिलाच आरएसएस फीड म्हणतात. तीत नव्या लेखांची शीर्षकं, तारखा, लिंका आणि मालक उदार असेल तर अख्खा मजकूर. रीडर अधूनमधून ती फाइल तपासतो, नवं काही दिसलं तर आणून ठेवतो. दुधाच्या रतिबासारखंच, फक्त दूध असेल त्याच दिवशी बेल वाजते. तुमचा ईमेल त्या ब्लॉगवाल्याला द्यावा लागत नाही, आणि क्रम ठरतो तो निव्वळ तारखेनं.

ही सोय जुनी. ब्राउझर बनवणाऱ्या नेटस्केप कंपनीनं १९९९ साली आपल्या पोर्टलसाठी ती काढली. तिच्या घडणीत आयआयटी मद्रासमध्ये शिकलेले रामनाथन गुहा होते, हे आपल्याकडे फारसं कुणी सांगत नाही. पुढे २००५ मध्ये गूगल रीडर आला, लोकांना त्याची सवय लागली, आणि १ जुलै २०१३ ला गूगलनं तो बंद केला. तेव्हापासून 'आरएसएस संपलं' असं म्हणण्याची पद्धत पडली आहे. म्हणणारे बरेचदा कानात पॉडकास्ट लावून म्हणतात. बहुतेक पॉडकास्टचे नवे भाग फोनवर येतात ते याच फीडमधून!

मग रीडर घ्यावा का? बातम्यांसाठी तर मुळीच नको. नवखा माणूस हौसेनं आधी दोन-तीन वर्तमानपत्रांची फीड टाकतो. आठवडाभरात न वाचलेल्यांचा आकडा हजारावर जातो, आणि तो ठळक आकडा बघून रीडर उघडायचीच धास्ती वाटू लागते. रोज शंभर गोष्टी छापणाऱ्याला शोधावं लागत नाही, तो आपल्याला गाठतोच. रीडर कामाचा आहे तो तुरळक लिहिणाऱ्यांसाठी. अशी आठ-दहा नावं तुमच्या मनात असतील तर बघा. माझा रीडर कित्येकदा रिकामा असतो आणि मला त्याचंच सुख वाटतं.

करून बघायला खर्चही नाही. फीडलीसारख्या रीडर सेवा थोडक्या फीडसाठी फुकट आहेत. संगणकावर ईमेलसाठी थंडरबर्ड हे सॉफ्टवेअर वापरत असाल तर त्यात ईमेलशेजारीच फीडची सोय आहे. वर्डप्रेसच्या ब्लॉगच्या पत्त्यापुढे तिरकी रेघ देऊन इंग्रजीत 'फीड' लिहिलं की बहुधा फीड सापडतं. नाही आवडलं तर काढून टाका. 'आम्हाला सोडून का चाललात?' असा रडका फॉर्म कुणी भरून घेणार नाही.